पोरगी आळशी नाही हो, तिची एसटी सव्वापाचची आहे

"मॅडम, माही पोट्टी दिवसभर खाटेवर पडून राहते, मोबाईल पाहते, वजन वाढून राहिलं, काहीतरी सांगा तिले." असं म्हणत येणाऱ्या आया माझ्याकडे दर महिन्याला चार-पाच तरी असतात. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी मी किशोरवयीन मुलामुलींचं समुपदेशन करते. त्यातलीच ही एक गोष्ट, घरच्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून सांगते.

पोरगी नववीतली. वडील सालदार, आई रोजमजुरीवर. मोठा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे पाचला डांबरी रोडवर १६०० मीटरचा सराव, म्हणून आईचं सारखं तेच, "भावाकडे पाह्य जरा". पोरगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत बसलेली. आधी रक्त तपासून घेतलं, कारण आमच्याकडे या वयाच्या पोरींना रक्त कमी असणं नेहमीचंच. थोडं कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या, पण तेवढ्यानं काही उलगडत नव्हतं.

मग पुढच्या वेळी भावालाही बोलावलं आणि दोघांना एकेक कोरा कागद दिला, म्हटलं तुम्ही गावात पायी कुठंकुठं जाता ते काढा. भावाचा कागद भरून गेला, रोड, नाला, ग्राउंड, पानठेला, मंदिराचा पार, पलीकडच्या गावापर्यंत रेघ. हिच्या कागदावर घर, नळ, किराणा दुकान आणि बस स्टॉप, चारच टिंबं. ग्राउंड कुठंय विचारलं तर म्हणे, "तिथं सांजच्याला पोट्टे क्रिकेट खेळतात, बाजूले दारू पिणारे बसतात. म्या जाऊ कुठी, मॅडम?"

आई गप्पच झाली.

हळूहळू कळलं की सहावीपर्यंत पोरगी कबड्डीत चांगली रेडर होती, पाळी आली आणि "आता मोठी झाली" म्हणून खेळ बंद. बरं, कामाला ती कमी नाही, पाणी भरते, भांडी घासते, सुट्टीत आईसोबत कापूस वेचायला जाते, म्हणजे अंग मोडतं पण खेळायला मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते, आणि त्यांच्याच २०१६च्या आकड्यांप्रमाणे जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुलींची तेवढी होत नाही, मुलांमध्येही ७८ टक्के. एवढ्या साऱ्या पोरी काही आळशी निपजल्या नाहीत ना.

शाळेत कबड्डीची टीम आहे, मग तिथं का नाही? तर प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर, पाच वाजता. हिची एसटी सव्वापाचला, ती चुकली की पुढची साडेसातला, अंधारात, आणि स्टॉपपासून घर लांब. शाळा तालुक्याच्या गावी, तिथल्याच पोरी थांबू शकतात कारण त्यांचं घर दहा मिनिटांवर आहे. टीममध्ये सगळ्या त्याच गावातल्या, खेड्यावरची एकही नाही, आणि हे शाळेत कोणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

पण सकाळची एसटी सव्वादहाला पोचते आणि शाळा अकराला, त्या वेळात या पोरी व्हरांड्यात दप्तरं घेऊन बसून राहायच्या. मी पीटीच्या सरांना जाऊन भेटले, म्हटलं सर, आठवड्यातले तीन दिवस प्रॅक्टिस या वेळात घेता येईल का. सर भले माणूस, लगेच हो म्हणाले. आईला मात्र दोनदा समजवावं लागलं, "लोक काय म्हणतीन" ही भीती खरीच असते, तिला हसून उडवू नये. शेवटी त्याच गावच्या आणखी दोघी तयार झाल्या तेव्हा ती राजी झाली.

दिवाळीनंतर आई भेटली तर सांगत होती, आता पोट्टी स्वतःच लवकर डबा मागते, ट्रॅक पॅन्ट पायजे म्हणते. वजनाचं तिनं विचारलंही नाही. संध्याकाळचं ग्राउंड अजून पोरींचं झालेलं नाही, त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, तिघींच्या आयांच्या सह्या आहेत त्यावर, एकीचा अंगठा.