फी वाचवायला ३४,००० खर्च करू का?

प्रश्न : ताई, माझ्या क्रेडिट कार्डवर महिन्याला साधारण १८,००० रुपये खर्च होतो. त्यात ४,००० पेट्रोल, ३,००० वॉशिंग मशीनचा ईएमआय, बाकी किराणा, कपडे, औषधं. दर १०० रुपयांना २ पॉइंट मिळतात, एक पॉइंट २५ पैशांचा. वार्षिक फी ९९९, पण वर्षात अडीच लाख खर्च झाला तर माफ. ३४,००० कमी पडतायत. मिस्टर म्हणतात, सराफ बाजारातून सोन्याचं काहीतरी घेऊन टाकू, फी वाचेल आणि पॉइंटही मिळतील. घेऊ का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नको. साखळी किंवा कानातलं घ्यायचं आधीच ठरलेलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. पण तुमच्या पत्रात ‘काहीतरी’ असा शब्द आहे, आणि तिथेच मी थांबले.

आधी वही घेऊन बसा. पेट्रोल आणि ईएमआयवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. उरले महिन्याचे ११,०००, म्हणजे वर्षाचे १,३२,०००. त्यावर २,६४० पॉइंट, किंमत ६६० रुपये. फी ९९९ आणि १८ टक्के जीएसटी धरून १,१७९. म्हणजे वर्षभर कार्ड घासून ५१९ रुपये तुम्हीच बँकेला दिले. काही बँका पॉइंट वापरतानाही ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात, ते वेगळेच.

आता ते ३४,०००. पुष्कळ कार्डांवर फीमाफीच्या हिशोबातही पेट्रोल आणि ईएमआय धरत नाहीत. तुमच्या कार्डाचा तसा नियम असेल तर तूट ३४,००० नाही, १,१८,००० आहे. सोनं घेऊनही फी लागेलच. म्हणून बँकेच्या अटींचा कागद काढून ती ओळ स्वतः वाचा. कस्टमर केअरच्या तोंडी उत्तरावर राहू नका. शिवाय कार्ड पुढे केलं की काही सराफ दोन टक्के वर मागतात. ३४,००० वर ते ६८० होतात.

किराण्याचंही बघा. कार्ड मशीनवर चाललं की दुकानदाराच्या पैशातून बँक काही टक्के कापून घेते, आणि तुमचे पॉइंट त्याच कापलेल्या पैशातून येतात. खात्यातून यूपीआय केलं तर त्याला काही कापून द्यावं लागत नाही. रविवार कारंजाला मी वर्षाचे गहू भरते, तिथे यूपीआयने देते, थोडं कमी करा, असं म्हटलं की शंभर-दोनशे सुटतात. तेवढ्या पैशांचे पॉइंट जमायला कार्डवर २०-४० हजारांची खरेदी करावी लागेल.

मी स्वतः तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, तरी २०१९ मध्ये फसले. आई पंचवटीत दवाखान्यात होती, त्या धावपळीत २२,४०० च्या बिलापैकी फक्त ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरली. पुढच्या बिलात व्याज आणि जीएसटी मिळून हजारावर रक्कम लागली. बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. औषधांच्या पावत्यांवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज लागलं. वर्षभराचे पॉइंट त्या एका महिन्यात गेले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला ४२ टक्के, एवढं ध्यानात ठेवा. पूर्ण बिल दर महिन्याला भरणं जमत नसेल, तर पॉइंटचा हिशोब मांडूच नका.

तुमचं बिल वेळेवर जातंय असं धरते. मग बँकेला फोन करून सांगा, फी माफ करा, नाहीतर कार्ड बंद करते. बऱ्याचदा माफ होते. नाही झाली तर आधी पॉइंट वापरून टाका, कारण कार्ड बंद झालं की ते सहसा जातात. ईएमआयसकट सगळी बाकी फेडा आणि कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. उशीर केला तर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. अर्जाची पोच जपून ठेवा.