इनटेकची रचना शिकताना कॉंकॉर्डपासून सुरुवात करा

इंजिनाचे गणित येते म्हणून इनटेकही, म्हणजे इंजिनापर्यंत हवा नेणारा मार्गही, जमेल, असे गृहीत धरू नका. कॉंकॉर्ड हे प्रवासी विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने (मॅक २) जात असे, पण त्याच्या ऑलिंपस इंजिनाच्या कॉम्प्रेसरला (हवा दाबणाऱ्या भागाला) मिळणारी हवा मॅक ०.५, म्हणजे ध्वनीच्या निम्म्या वेगाच्या आसपास लागत असे. हा वेग साडेतीन मीटरच्या आसपास लांबीच्या इनटेकमध्ये उतरवायचा आणि तोही दाब फारसा न गमावता, हीच खरी कसोटी आहे.

पहिला हिशेब हातानेच करा. मॅक २ ला एकच सरळ (प्रवाहाला काटकोनातला) आघात तरंग, म्हणजे हवा एकदम मंदावून दाबली जाते तो पातळ पट्टा, घेतला, तर एकूण दाबाचा सुमारे २८ टक्के भाग वाया जातो; त्याऐवजी आधी तिरके तरंग निर्माण करून शेवटचा सरळ तरंग सौम्य ठेवला, तर ९० टक्क्यांहून अधिक दाब हाती राहतो. संगणकाची रंगीत चित्रे त्यानंतर पाहावीत, कारण ती चुकीच्या उत्तरालाही देखणे करतात.

नवशिक्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पृष्ठभागालगतच्या हवेच्या संथ थराकडे. कॉंकॉर्डमध्ये पंख आणि इनटेक यांच्यात मुद्दाम फट होती, शिवाय इनटेकमधल्या दोन रॅम्पच्या (तिरके तरंग निर्माण करणाऱ्या उतरत्या पट्ट्यांच्या) मधूनही हा थर ओढून काढला जाई.

केवळ क्रूझपुरती, म्हणजे स्थिर वेगाच्या प्रवासापुरती, रचना करू नका. धावपट्टीवरून उड्डाण घेताना जादा हवा लागते, आणि इंजिन अचानक मंदावले की नको असलेली हवा तत्काळ बाहेर सोडावी लागते, अन्यथा सर्ज होतो, म्हणजे हवेचा प्रवाह बिघडून उलटा धक्के देतो. म्हणूनच तेथे हलणारे रॅम्प, खालचे दार आणि त्यांवर डिजिटल नियंत्रण होते.