जपानहून जुनी गाडी आणून तिचं इंजिन बदललं, तर मेलबर्नमध्ये इंजिनिअरची सही मिळते का?

तुम्हाला जपानमधली 1998 ची निसान स्कायलाइन गाडी आवडली आहे. तिचं इंजिन आधीच बदललेलं आहे, गाडी खाली बसवली आहे (म्हणजे स्प्रिंग बदलून तिची उंची कमी केली आहे), आणि ती व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, रजिस्टर करायला फेरफार मान्य असल्याची इंजिनिअरची सही कुठून मिळेल असं तुम्ही विचारलंय. मी मेलबर्नमध्ये सस्पेन्शन आणि ब्रेकचं काम करतो. माझा कळकळीचा सल्ला एवढाच की शक्यतो मूळ स्थितीतली गाडी आणा, आणि इंजिनाचं काम इथे, सही देणाऱ्या इंजिनिअरच्या नजरेखाली करून घ्या.

कारण इथे दोन निरनिराळ्या परवानग्या लागतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली परवानगी आयातीची, म्हणजे केंद्र सरकारची. 2018 चा रोड व्हेइकल स्टँडर्ड्स कायदा 1 जुलै 2021 पासून चालतो. बांधणीला 25 वर्षं झालेली गाडी त्यात 'जुनी गाडी' म्हणून बऱ्याच सोप्या वाटेने येते. अर्ज रोव्हर नावाच्या सरकारी पोर्टलवर करायचा. पण मोठे फेरफार केलेली गाडी या वाटेवर अडू शकते, म्हणून तर वरचा सल्ला. 25 वर्षांहून नवी गाडी साधारणपणे एसईव्हीएस रजिस्टरवर, म्हणजे खास आणि शौकिनांच्या गाड्यांच्या सरकारी यादीत, असावी लागते. मग परवानाधारक वर्कशॉप मान्य मॉडेल रिपोर्टप्रमाणे (त्या मॉडेलवर काय काम करायचं ते सांगणारा दस्तऐवज) तिचं काम करतं, स्वतंत्र तपासनीस ती पाहतो, आणि तेव्हा कुठे तिची नोंद आरएव्ही, म्हणजे मान्य गाड्यांच्या सरकारी रजिस्टरवर होते. मंजुरी हातात येण्याआधी गाडी जहाजावर चढवू नका. जुन्या गाडीचे ब्रेक पॅड, क्लच आणि गॅस्केट यांत ॲस्बेस्टॉस नाही याची खात्रीही तिकडेच करून घ्या. 31 डिसेंबर 2003 पासून त्यावर इथे पूर्ण बंदी आहे आणि बंदरावर ते तपासलं जातं.

दुसरी परवानगी राज्याची, आणि खरं घोडं इथेच पेंड खातं. व्हिक्टोरियात फेरफारांना व्हास (VASS) या राज्याच्या योजनेतला मान्यताप्राप्त सहीकर्ता प्रमाणपत्र देतो; तुम्ही म्हणता ती इंजिनिअरची सही हीच. रोडवर्दी सर्टिफिकेट निराळं. ते फक्त गाडी झिजलेली किंवा मोडकी नाही एवढंच सांगतं, फेरफार मान्य आहेत असं नाही. न्यू साउथ वेल्समध्ये व्हीएससीसीएस नावाची योजना आहे, क्वीन्सलँडमध्ये मान्यताप्राप्त व्यक्ती तपासून गाडीवर पट्टी लावते. दुसऱ्या राज्यातल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेलं तुमच्याकडे चालेलच असं धरू नका.

सगळे इंजिनिअर ज्यावरून बोलतात ती गाड्यांच्या फेरफारांची देशभराची नियमावली म्हणजे व्हीएसबी 14 (VSB 14). इंटरनेटवर फुकट मिळते, निदान इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनचे भाग वाचून काढा. गाडीच्या मूळ वजनावरून इंजिनाची कमाल क्षमता ठरते, आणि टर्बो असेल तर मर्यादा आणखी खाली येते. नवं इंजिन घातलं तर त्याची प्रदूषण नियंत्रणाची सामग्री, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, सोबत यावी लागते. गाडी खाली बसवताना जमिनीपासून 100 मिलिमीटर अंतर उरलंच पाहिजे.

पण सुटे नियम पाळले म्हणजे सही मिळाली असं होत नाही, आणि हे मला गिऱ्हाइकांना सर्वांत जास्त वेळा समजवावं लागतं. इंजिनिअर सुट्या भागाला नाही, जुळून आलेल्या अख्ख्या गाडीला सही देतो. जड इंजिन पुढे आलं की पुढच्या चाकांवरचा भार वाढतो. ताकद वाढली की थांबण्याची क्षमताही वाढली पाहिजे. मोठे ब्रेक घातले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बदलतो, आणि मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते. खाली बसवलेल्या गाडीत स्प्रिंग पूर्ण दाबली गेल्यावर टायर मडगार्डला घासतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, हेही बघावं लागतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच यादी घेऊन त्याच्याकडे जा. तो 'हे नको' म्हणाला तर फक्त यादीतली एक ओळ खोडायची असते.

काम चालू असताना फोटो काढत राहा, विशेषतः इंजिन माउंटच्या (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या आधारांच्या) वेल्डिंगचे, रंग चढण्याआधी. रंगाखालचं वेल्डिंग कुणालाच तपासता येत नाही, आणि चांगला इंजिनिअर न पाहिलेल्या जोडावर सही करत नाही. इंजिनाचा नंबर दिसणारी पावती, ब्रेक आणि स्प्रिंगचे पार्ट नंबर, चाकांचं माप असं सगळं जपून ठेवा. गाडी न बघता सही देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अपघात झाला तर विमा कंपनी तोच कागद उलटसुलट तपासेल, आणि शेजारच्या सीटवर तुमचंच माणूस बसलेलं असेल.

एक बारीक गोष्ट राहिली. जुन्या जपानी गाड्यांत लहान मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायचा हुक बऱ्याचदा नसतो. तो लागेल का, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या.

व्हास सहीकर्त्यांची यादी राज्याच्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आहे. प्रत्येकजण सगळ्या प्रकारच्या कामांना सही देऊ शकत नाही, म्हणून इंजिन बदलाची मान्यता असलेलाच निवडा आणि फोन करताना चॅसिस नंबर हाताशी ठेवा.