पेट्रोल गाडी गरम असताना सेल्फ मारतो, पण इंजिन पकडत नाही. नेमकं काय तपासावं?

तुम्ही दिलेली लक्षणं अशी: २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. दुपारी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पंधरा मिनिटं उभी केली की इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. तासाभराने आपोआप ठीक. बॅटरी आणि प्लग बदलून झाले, फरक नाही.

फरक पडणारच नव्हता. सेल्फ नेहमीच्या जोरात इंजिन फिरवतोय, म्हणजे बॅटरी तिचं काम करते आहे. आणि खराब प्लग सकाळीही त्रास देतात, फक्त दुपारी नाही.

गाडी बंद केली की बोनेटखालचं तापमान आधी वाढतं, मग उतरतं. पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो आणि इंजिनच्या धातूतली उष्णता शेजारच्या सेन्सरमध्ये, वायरिंगमध्ये, पेट्रोलच्या नळ्यांमध्ये उतरते. पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट. तुमची गाडी नेमकी त्याच वेळेत अडते. म्हणून तपासणीही त्याच वेळेत करायची. थंड झालेली गाडी गॅरेजला नेली तर मेकॅनिकला काहीच सापडत नाही आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात.

आता गाडी अडली की आधी सेल्फ मारू नका. चावी फक्त ऑन करा. मागच्या सीटखालून, टाकीच्या बाजूने दोनेक सेकंद पंपाची घरघर आली पाहिजे आणि चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. दिवाच लागला नाही तर इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज मिळत नाही. फ्यूज आणि मेन रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बघा. दिवा लागतो पण घरघर नाही, तर पंपाचा रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून बघा (बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो). रिलेतला सोल्डर तडकलेला असला की तो गरम झाल्यावरच दगा देतो.

घरघर येत असेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, दर वेळी तीन सेकंद थांबून, आणि मग सेल्फ मारा. आता सुरू झाली तर दोष पेट्रोलच्या दाबात आहे. बहुतेक गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ टिकतो. पंपातला वन-वे व्हॉल्व्ह गळका झाला की दाब उतरतो, तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरला (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाला) पेट्रोलऐवजी वाफ मिळते. गॅरेजमध्ये गेज लावून इंजिन बंद केल्यानंतर पाच मिनिटांनी दाब बघायला सांगा. एकदम उतरला तर खात्री. नळी मात्र गरम इंजिनवर स्वतः सोडवू नका, आग लागते.

तरीही नाही? मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत असं केल्यावर कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि फक्त हवा आत जाते. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि मग इंजिन सुरू, असं झालं तर पेट्रोल जास्त जात होतं. एक तर इंजेक्टर ठिबकतोय, नाही तर कूलंट टेंपरेचर सेन्सर खोटं सांगतोय: इंजिन तापलेलं असताना थंड आहे असं सांगितलं की कॉम्प्युटर थंड इंजिनाइतकं पेट्रोल ओततो. या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण २० अंशांना दोन-अडीच हजार ओम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा.

पण तुमची लक्षणं वाचून माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर आहे, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरवर. कॉइलवाल्या सेन्सरमधली बारीक तार तापली की आतून तुटते, गार झाली की पुन्हा जुळते. सिग्नल नाही तर ठिणगी नाही आणि पेट्रोलही नाही. एक आठवून बघा: कधी चालत्या गाडीत आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडून इंजिन बंद झालंय का? झालं असेल तर संशय पक्का समजा. स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती मोबाइलवर दाखवणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना आरपीएम बघा. दोनशेच्या आसपास दिसायला हवा. शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर. रीडरवर पी ०३३५ हा दोषाचा कोड आला तरी तेच, पण कोड आला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. इंजिन बंद ठेवून सेन्सरवर ओलं फडकं दोन मिनिटं धरा, मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर दुसरं काही शोधू नका. दोन पिनांचा सेन्सर थंड आणि गरम दोन्ही वेळा ओममीटरने मोजता येतो; तीन पिनांचा बहुतेक वेळा हॉल प्रकारचा (कॉइलऐवजी इलेक्ट्रॉनिक चिपवाला) असतो, त्याला ओममीटर लावू नका.

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो बदलणं या सगळ्या सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे.

सीएनजी किट असेल तर पेट्रोल कायम रिझर्व्हवर ठेवायची सवय सोडा. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. उन्हाळ्यात निदान पाव टाकी ठेवा.

ज्यांची गाडी गरम झाल्यावर फक्त ‘टक’ करते किंवा सेल्फ रडत फिरतो, त्यांचं प्रकरण वेगळं. तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स वाढतो, त्यात सेल्फचे बुश झिजलेले असले की तो अडकतो. सेल्फ मारताना बॅटरीवर मल्टिमीटर धरा: ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा. व्होल्टेज ११ च्या वर टिकलं आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरी बदलू नका; अर्थिंगची वायर, टर्मिनल आणि सेल्फ तपासा.