लीग ऑफ फ्रेंड्सचा इतिहास लिहायचाय? आधी रोकडवह्या उघडा

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातल्या कम्युनिटी हॉस्पिटलच्या लीग ऑफ फ्रेंड्सचं (रुग्णालयासाठी पैसे जमवणाऱ्या गावातल्या स्वयंसेवी मंडळाचं) कार्यवाहपद तुमच्याकडे आलंय, मंडळाला ७५ वर्षं होतायत आणि कपाटातल्या खोक्यांमधून इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. सोबत दुसरा प्रश्न: एनएचएस, म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, सरकारी, उपचार मोफत, मग हे लोक इतकी वर्षं पैसे कशासाठी जमवत होते?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पुस्तिकेचा कणा तोच आहे.

१९४८ पूर्वी गावातली छोटी रुग्णालयं लोकांच्या पैशावरच चालायची. सरे परगण्यातल्या क्रॅनली गावात डॉ. आल्बर्ट नॅपर यांनी १८५९ साली सुरू केलेलं रुग्णालय हे कॉटेज हॉस्पिटलचं पहिलं उदाहरण मानतात. पुढे तशी गावोगावी निघाली. पैसा यायचा तो चर्चमधल्या 'हॉस्पिटल संडे'च्या झोळीतून, कामगारांच्या आठवड्याच्या वर्गणीतून आणि रस्त्यावर कागदी झेंडे विकण्याच्या 'फ्लॅग डे'मधून. 'पाउंड डे'ला लोक एकेक पाउंड वजनाची साखर, चहा किंवा जॅम आणून द्यायचे. बायकांचे 'लिनन गिल्ड' चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायचे. ५ जुलै १९४८ ला ही रुग्णालयं एनएचएसमध्ये गेली. टीचिंग हॉस्पिटलांना आपल्या ठेवी स्वतःकडे ठेवता आल्या, बाकीच्यांच्या ठेवी मध्यवर्ती निधीत जमा झाल्या. इमारत गेली, ठेव गेली, पण चादरी शिवणारी आणि झेंडे विकणारी माणसं गावातच होती. १९४९ मध्ये अशा माणसांच्या 'लीग ऑफ फ्रेंड्स' मंडळांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. २००६ पासून ती 'अटेंड' या नावाने चालते.

एनएचएस पगार द्यायची, औषधं द्यायची, छप्पर दुरुस्त करायची. रुग्णांसाठी बसायची खोली, रेडिओचे हेडफोन, टीव्ही, चांगले पडदे, नातेवाइकांना चहा यांसाठी पैसा उरत नसे. लीगने ती बाजू सांभाळली. मुंबईच्या महापालिका रुग्णालयांतला 'पुअर बॉक्स फंड' आपल्याला माहीत असतो. तो गरजू रुग्णाच्या औषधा-उपकरणाचा खर्च उचलतो. लीगचा पैसा सहसा वस्तूंवर आणि इमारतीवर जातो. पुस्तिका मराठी वाचकांच्या हातीही जाणार असेल, तर हा फरक पहिल्याच पानावर सांगा, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या चष्म्यातून वाचलं जाईल.

आता काम. बहुतेक जण इतिवृत्तांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. इतिवृत्तात मंडळाची इच्छा असते, रोकडवहीत प्रत्यक्ष घडलेलं असतं. 'ईसीजी यंत्र घेण्याचा ठराव मंजूर' असं मार्चमध्ये लिहिलेलं असतं, आणि रोकडवहीत त्या यंत्राचा चेक दोन वर्षांनी निघतो किंवा निघतच नाही. म्हणून सगळ्यात जुन्या रोकडवहीपासून एक तक्ता करा: वर्ष, जमेचा प्रकार (जत्रा, रॅफल, दुकान, देणगी, मृत्युपत्र, व्याज), खर्चाची वस्तू, कोणाला पैसे दिले, आणि त्याच वस्तूचा उल्लेख इतिवृत्ताच्या कोणत्या पानावर आहे. हा शेवटचा रकाना कंटाळवाणा आहे, पण पुस्तिकेचा खरेपणा त्याच्यावरच उभा राहतो.

तक्ता भरताना नेहमी होणाऱ्या चुका:

१५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत हिशेब पौंड, शिलिंग, पेन्समध्ये असे. १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. '१२/६' हे १२.६ नव्हे, ते साडेबारा शिलिंग, म्हणजे आजचे ६२.५ पेन्स. गिनी म्हणजे २१ शिलिंग, १.०५ पौंड. एक्सेलमध्ये तीन वेगळे रकाने ठेवा आणि सूत्राने दशांशात बदला. डोक्यात बदलायला जाल तर दहाव्या पानावर चूक होईल.

चालू खात्यातून ठेवीत आणि ठेवीतून चालू खात्यात फिरवलेली रक्कम जमा म्हणून धरू नका. ट्रॉली-शॉपची (वॉर्डांतून फिरणाऱ्या ढकलगाडीवरच्या दुकानाची) विक्री आणि नफा वेगळे ठेवा, चॉकलेटं विकत घ्यायलाही पैसे गेलेले असतात. मंडळाने हिशेबाचं वर्ष डिसेंबरऐवजी मार्चअखेर केलं असेल, तर मधलं एक 'वर्ष' १५ किंवा ३ महिन्यांचं निघतं. 'आजवर एकूण इतके पौंड जमवले' हे वाक्य प्रत्येकाला हवं असतं, आणि सगळ्यात जास्त चुका त्याच वाक्यात असतात. १९५५ चे पौंड आणि २०१५ चे पौंड सरळ बेरजेत घालू नका. बँक ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर महागाईचा कॅल्क्युलेटर आहे. तो वापरून दशकवार आकडे द्या.

कायद्याच्या काही तारखा तक्त्याशेजारी लिहून ठेवा, म्हणजे जमेत अचानक आलेले बदल उलगडतात. १९५६ च्या कायद्याने धर्मादाय संस्थांना छोट्या लॉटऱ्या रीतसर चालवता येऊ लागल्या. १ एप्रिल १९७३ पासून व्हॅट लागू झाला. धर्मादाय पैशातून घेऊन रुग्णालयाला दिलेल्या वैद्यकीय उपकरणांना पात्रतेचं प्रमाणपत्र दिल्यास शून्य दराची सवलत मिळते. म्हणून जुन्या फायलीत तशी प्रमाणपत्रं सापडतील, आणि उपकरण नेमकं कोणतं होतं ते पुष्कळदा त्यांवरच लिहिलेलं असतं. १९८० च्या हेल्थ सर्व्हिसेस कायद्याने आरोग्य प्राधिकरणांना स्वतःच निधी उभारण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून गावात रुग्णालयाच्या नावाने दोन डबे फिरू लागले असतील, तर तो तुमच्या पुस्तिकेतला महत्त्वाचा भाग आहे. १९९० मध्ये गिफ्ट एड (देणगीवर भरलेला आयकर संस्थेला परत मिळण्याची सोय) आली, तीही किमान ६०० पौंडांच्या देणगीवर. ही किमान मर्यादा २००० साली गेली. गिफ्ट एडच्या आधी करपरतावा हवा तर अनेक वर्षांचा करारनामा करावा लागे.

स्थापनेची तारीख. चॅरिटी कमिशनच्या (धर्मादाय संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) नोंदवहीवरून ती उचलू नका. केंद्रीय नोंदवहीच मुळी १९६० च्या कायद्याने आली, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातली मंडळं तिथे साठीत जन्मलेली दिसतात. त्यात भर म्हणजे २०१३ पासून पुष्कळ मंडळांनी 'सीआयओ' हे नवं कायदेशीर रूप घेतलं आणि त्यांना नवा क्रमांक, नवी तारीख मिळाली. जुना क्रमांक 'काढून टाकलेल्या' संस्थांमध्ये शोधा. खरी तारीख पहिल्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात किंवा स्थानिक वर्तमानपत्रातल्या बातमीत मिळते. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर गावाचं नाव आणि रुग्णालयाचं नाव एकत्र टाकून १९४८ ते १९५६ आधी चाळा. तिथे नसेल तर काउंटी रेकॉर्ड ऑफिसमधली (परगण्याच्या अभिलेखागारातली) मायक्रोफिल्म बघा. ७५ वर्षांचा केक कापण्याआधी हे करा.

डब्ल्यूव्हीएसशी (विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस) गल्लत होऊ देऊ नका. ही स्वयंसेविकांची संघटना १९३८ मध्ये निघाली, १९६६ पासून नावात 'रॉयल' आलं. रुग्णालयांतल्या चहाच्या टपऱ्या अनेक ठिकाणी तिच्या होत्या, लीगच्या नव्हत्या. फोटोत एप्रन घातलेल्या बायका दिसल्या म्हणून त्या तुमच्याच असतील असं नाही. बिल्ला भिंगाखाली बघा.

बायकांची नावं हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग वाटतो. जुन्या इतिवृत्तांत विवाहित स्त्री 'मिसेस' अधिक नवऱ्याची आद्याक्षरं अशीच येते. वीस-वीस वर्षं खजिनदार राहिलेल्या बाईचं स्वतःचं नाव वहीत कुठेच नसतं. मतदारयाद्या, १९३९ चं रजिस्टर (युद्धाच्या सुरुवातीला झालेली लोकनोंदणी), चेकवरच्या सह्या आणि वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता यांतून ते बहुधा सापडतं. तेवढा वेळ द्याच. ज्यांनी काम केलं त्यांची नावं नवऱ्याच्या आद्याक्षरांखाली छापणं आज योग्य नाही.

रुग्णालयाचा कारभार कोणाकडे होता, हेही वर्षांसमोर लिहा. १९४८ ला हॉस्पिटल मॅनेजमेंट कमिटी, १९७४ ला एरिया हेल्थ अथॉरिटी आणि तिच्याखालचे डिस्ट्रिक्ट, १९८२ ला डिस्ट्रिक्ट हेल्थ अथॉरिटी, नव्वदीत ट्रस्ट, मग प्रायमरी केअर ट्रस्ट. २०१३ मध्ये ते ट्रस्ट बरखास्त झाले आणि त्यांच्या बऱ्याच इमारती एनएचएस प्रॉपर्टी सर्व्हिसेसकडे गेल्या. लीगच्या पैशाने बांधलेला डे-रूम आज तिसऱ्याच संस्थेच्या नावावर असू शकतो. देणगी देताना अट लिहून घेतली होती का, ते पत्र शोधा. १९६२ च्या हॉस्पिटल प्लॅननंतर मोठ्या डिस्ट्रिक्ट रुग्णालयांवर भर आला आणि छोटी बंद करण्याची भाषा सुरू झाली. त्या काळातले जोरदार निधिसंकलन पुष्कळदा रुग्णालय वाचवण्याच्या मोहिमेचाच भाग असते. ते नुसतं 'यशस्वी जत्रा' म्हणून नोंदवू नका.

जुन्या सदस्यांना भेटताना 'तुमच्या आठवणी सांगा' असं विचारू नका. तक्त्यातली एखादी वस्तू आणि तिचा फोटो पुढे ठेवा: ही मिनीबस कोणी चालवायचं? तारखा मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, रोकडवहीतून घ्या. ध्वनिमुद्रणाची संमती कागदावर घ्या आणि ते कुठे ठेवणार ते त्यात लिहा.

छापण्याआधी प्रत्येक पानावर रुग्णाचं नाव किंवा आजार आला आहे का ते तपासा. 'अमुक वॉर्डातल्या तमुक बाईंना खुर्ची दिली' अशा ओळी जुन्या इतिवृत्तांत सर्रास असतात. त्या गाळा, खुर्ची ठेवा. फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. स्थानिक वर्तमानपत्राचा फोटो वापरायचा तर लेखी परवानगी मागा.

पुस्तिका झाली की मूळ वह्या कोणाच्या माळ्यावर परत जाऊ देऊ नका. काउंटी रेकॉर्ड ऑफिस त्या 'डिपॉझिट' म्हणून ठेवून घेऊ शकतं, मालकी मंडळाचीच राहते. पिना आणि रबरबँड काढून टाका, चिकटपट्टी ओढू नका, वह्यांची यादी वर्षवार करा आणि विश्वस्तांच्या सभेत तसा ठराव करून घ्या. तुमचा तक्ताही छापून त्याच खोक्यात ठेवा, म्हणजे १०० व्या वर्षी लिहिणाऱ्याला शिलिंग पुन्हा मोजावे लागणार नाहीत.