पाय ओढू नका, हलका करा

प्रश्न : सायकलसाठी क्लीटचे बूट (तळाला पेडलमध्ये अडकणारा तुकडा, म्हणजे क्लीट, असलेले) आणि तो ज्यात अडकतो ते क्लिपलेस पेडल घेतले. पाय वर ओढला की जोर वाढतो असं ऐकून सिंहगडाच्या घाटात तसं केलं, तर जांघ आणि कंबर भरून आली. कुठे चुकतंय? – एक वाचक, वारजे

उत्तर : ऐकलेलंच चुकलंय. पट्टीचे सायकलपटूही ताकद मुख्यतः खाली दाबूनच काढतात. वर ओढणारे जांघेतले स्नायू लहान, ते तासभराच्या चढाला पुरणार कसे? वर येणाऱ्या पायानं दुसऱ्या पायावर आपलं ओझं टाकू नये, एवढंच बघा.

जोर पेडल माथ्यावरून पुढे निघताच सुरू करा. तळाशी आलं की पायपुसण्यावर चिखल पुसावा तसा तळवा मागे घ्या. सिंहगडाच्या पायथ्याच्या गोळेवाडीपुढे चढ अंगावर येतो, तिथे हट्ट न करता हलका गिअर टाका. सपाटीवर मिनिटाला पेडलचे ८०-९० फेरे जमले तर उत्तम. घाटात कमी पडतील, पडू द्या. सरावाला खडकवासल्याचा रस्ता पहाटे बरा. नंतर तिथे भजी-कणीसवाल्यांची गर्दी असते.

क्लीटही तपासा. तो चवड्याच्या फुगीर भागाखाली किंवा किंचित मागे हवा. गुडघा दुखला तर आधी क्लीटचा कोन आणि सीटची उंची बघा.

एसपीडी (शिमानोच्या पद्धतीचं क्लिपलेस) पेडल असेल तर ३ मिमी अ‍ॅलन कीनं (षट्कोनी पान्यानं) क्लीट धरणारी स्प्रिंग सैल ठेवा आणि सिग्नलच्या बरंच आधी टाच बाहेर फिरवून पाय सोडवा. सिंहगड रोडवर रिक्षा कधी आडवी येईल, सांगता येत नाही.