वेळेवर की वेळेत?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानात मी पत्रव्यवहार पाहतो. परगावच्या व्यापाऱ्यांना इंग्रजीत लिहिताना ‘हळद वेळेत पोहोचली’ यासाठी ‘ऑन टाइम’ लिहावे की ‘इन टाइम’, याचा मला नेहमी घोळ पडतो. दोन्हींत खरोखर फरक आहे का?

उत्तर : फरक आहे, आणि त्याचे उत्तर आपण नकळत प्रश्नातच दिले आहे, कारण आपण ‘वेळेत’ असे लिहिले, ‘वेळेवर’ असे नाही. सौदे दहा वाजता सुरू व्हायचे ठरले आणि दहालाच सुरू झाले, तर ते वेळेवर सुरू झाले. इंग्रजीत हे ‘ऑन टाइम’. येथे वेळ हा घड्याळातला एक ठरलेला बिंदू असतो. उलट हळदीचा ट्रक केव्हा यावा हे कोणी ठरवलेले नव्हते, पण सौदे सुरू होण्याआधी पोती उतरून झाली, तर माल वेळेत पोहोचला. हे ‘इन टाइम’. येथे वेळ ही एक मुदत असते आणि काम तिच्या आत झाले एवढेच सांगायचे असते. म्हणूनच ‘इन टाइम’च्या पाठोपाठ ‘कशासाठी’ हा प्रश्न येतो आणि वाक्य बहुधा ‘इन टाइम फॉर द ऑक्शन’ असे पुरे करावे लागते. ‘ऑन टाइम’ला अशा शेपटाची गरज नसते. ‘वर’ आणि ‘त’ ही मराठीची जोडी ‘ऑन’ आणि ‘इन’शी येथे इतकी चपखल जुळते की, इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी ते मनाशी मराठीत म्हणून पाहावे. मात्र बोलताना आपण हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, आणि विदर्भात तर ‘वेळेवर’ म्हणजे ‘ऐनवेळी’ असाही अर्थ ऐकू येतो, त्यामुळे ही कसोटी शब्द जपून वापरणाऱ्यालाच उपयोगी पडेल.

प्रश्न : मी कराडला शाळेत इंग्रजी शिकवते. ‘ही लेफ्ट सातारा फॉर गुड’ याचा अर्थ मुले ‘तो चांगल्यासाठी सातारा सोडून गेला’ असा करतात.

उत्तर : तो सातारा कायमचा सोडून गेला, इतकाच अर्थ आहे, जाण्याने त्याचे भले झाले की वाईट, याविषयी वाक्य काहीही सांगत नाही. ‘फॉर गुड अँड ऑल’ या जुन्या लांब प्रयोगाचे हे आखूड रूप आहे. मुलांना व्याकरण सांगण्यापेक्षा ‘कायमचा’ हा एक शब्द द्यावा.

प्रश्न : ‘बाय अँड लार्ज’मध्ये मोठे काय आहे? (एक वाचक, वाई)

उत्तर : काहीच नाही. हा शिडाच्या जहाजांवरचा प्रयोग आहे. वाऱ्याच्या शक्य तितके सामोरे जाणे म्हणजे ‘बाय’ आणि वारा बाजूने किंवा पाठीमागून घेणे म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही स्थितींत चालणारे जहाज सर्व बाजूंनी चांगले, यावरून ‘एकंदरीत’ हा अर्थ रूढ झाला.

प्रश्न : मी साताऱ्यात अकरावीत शिकतो. माझे मुंबईचे काका दिवाळीला आणि गावच्या यात्रेलाच येतात, म्हणून मी निबंधात ‘वन्स इन अ ब्लू मून’ लिहिले. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. असे का?

उत्तर : सरांचे बरोबर आहे. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला हल्ली ‘ब्लू मून’ म्हणतात. ही व्याख्या एका अमेरिकी खगोल मासिकात 1946 साली झालेल्या गैरसमजातून पसरली, वाक्प्रचार तिच्याहून जुना आहे. चंद्र काही निळा होत नाही. तरीही व्याख्येचे गणित आपल्या ओळखीचे आहे. 19 वर्षांत इंग्रजी महिने 228 आणि पौर्णिमा 235, म्हणजे सात पौर्णिमा जास्त. याच सात जादा चांद्रमासांना आपण अधिक मास म्हणतो. 2023 साली अधिक श्रावण आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा झाल्या. तेव्हा हा योग सरासरी पावणेतीन वर्षांनी येतो, आणि बोलण्यात तर त्याहूनही दुर्मीळ गोष्टीसाठी हा प्रयोग करतात. कास पठारावरची टोपली कारवी साधारणपणे सात वर्षांनी फुलते, तिला तो शोभेल. मराठीतला ‘सठीसहामासी’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळचा आहे. वर्षातून दोनदा, तेही ठरल्या दिवशी येणाऱ्या काकांसाठी ‘ट्वाइस अ इयर’ हेच योग्य, आणि थोडे सैल लिहायचे असेल तर ‘नाऊ अँड देन’ चालेल.